रिंगणांतला सूत्रधार

नाटक, काव्य व कादंबरी यांच्या परीक्षणांत आपले टीकाकार जो बारकावा दाखवितात, त्याचा शतांशहि निव्वळ लोकरंजन करणाऱ्यांच्या वांट्यास येत नाहीं. जो हंसवितो त्याचें काम सोपें, आणि जें सोपें तें परीक्षणास अपात्र, असा एक समज आपल्यांत रूढ झाला आहे. आम्हांस तो मान्य नाहीं. दुसऱ्याची फजिती पाहून माणूस हंसतो ही गोष्ट जितकी जुनी तितकीच नाजूक आहे. कारण त्या हंसण्यांत स्नेह किती व दुष्टावा किती, हें सांभाळणारा कोणीतरी मध्यें उभा असावा लागतो. स्पेनच्या दूरचित्रवाणीवर अनेक वर्षें हें काम करणारे रामोन गार्सिया यांच्या कामगिरीचा विचार आम्ही याच दृष्टीनें करणार आहों.

गार्सिया यांचा जन्म १९६१ सालीं बिल्बाओ येथें झाला. त्यांची उमेदवारी नभोवाणीवर झाली, आणि तिची खूण पुढें कधीं पुसली गेली नाहीं. चेहऱ्यापेक्षां आवाजावर त्यांचा भरंवसा अधिक. स्पेनमध्यें १९५६ पासून दूरचित्रवाणी सरकारच्या हातीं होती. १९९० च्या सुमारास खासगी वाहिन्या निघाल्या आणि प्रेक्षकांसाठीं झटापट सुरू झाली. त्या धामधुमींत, १९९३ सालीं, सरकारी वाहिनीनें 'के आपोस्तामोस', म्हणजे 'काय पैज लावायची?', हा कार्यक्रम काढला व तो गार्सिया आणि अभिनेत्री आना ओब्रेगोन यांच्याकडे सोंपविला. मूळ कल्पना १९८१ सालच्या एका जर्मन कार्यक्रमाची. सामान्य माणसानें एखादें अचाट कृत्य करून दाखवितों म्हणावें आणि नामांकित पाहुण्यांनीं त्यावर पैज मारावी, असें त्याचें स्वरूप होतें. पुढें वर्षाच्या अखेरच्या रात्रींहि गार्सिया लोकांच्या परिचयाचे झाले. माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकांतील घड्याळाचे बारा ठोके पडूं लागले कीं प्रत्येक ठोक्यागणिक सारा देश एकेक द्राक्ष तोंडांत टाकतो. आणि त्या वेळीं जुन्या पद्धतीचा स्पॅनिश झगा खांद्यावर घेतलेले गार्सिया अनेक वर्षें पडद्यावर उभे असत. अशा वेळीं निवेदकानें फार बोलावयाचें नसतें, ठोके नीट ऐकूं द्यावयाचे असतात. हा संयम त्यांच्या अंगीं चांगला मुरला होता.

परंतु त्यांचें खरें कार्य म्हणजे १९९५ सालीं सुरू झालेला 'ग्रान प्री देल वेरानो', म्हणजे उन्हाळ्यांतील महास्पर्धा, हें होय. दोन लहान गांवें समोरासमोर येतात. एकाचा रंग पिवळा, दुसऱ्याचा निळा. तरुण मंडळी खेळतात, गांवकरी घसा फोडून ओरडतात, नगरप्रमुख मानानें बसतात, आणि प्रत्येक गांवाच्या पाठीशीं एखादी प्रसिद्ध व्यक्ति असते. खेळ पाहावे तर कमालीचे बालिश. फिरत्या ओंडक्यांवरून धांवावें आणि घसरून पडावें. बोलिंगच्या खुंट्यांचा जाडजूड पोशाख चढवून उभें राहावें आणि आडवें व्हावें! या प्रकाराचें कूळ नवें नाहीं. फ्रान्समध्यें १९६२ सालीं गांवागांवांतील अशी चढाओढ दूरचित्रवाणीवर आली होती. आणि आमच्या ज्या वाचकांनीं दूरदर्शनवर 'टेलेमॅच' हा जर्मन कार्यक्रम पाहिला असेल, त्यांना हें गोत्र ओळखीचें वाटेल.

मग गार्सियांचें कर्तृत्व कोणतें, असा प्रश्न कोणी करील. त्याचें उत्तर तुलनेनें सांपडतें. 'ताकेशीचा किल्ला' हा १९८६ सालचा जपानी कार्यक्रम स्पेनमधील एका खासगी वाहिनीनें १९९० पासून दाखविला. आपल्याकडे तो जावेद जाफरी यांच्या हिंदी समालोचनामुळें घरोघर पोंचला. तेथेंहि माणसें धांवतात, घसरतात, चिखलांत पडतात. पण पडणारा कोण, कोठला, याचा परदेशच्या प्रेक्षकास पत्ता नसतो. स्पॅनिश निवेदकांनीं मूळचें बोलणें बाजूस सारून पदरचें बोलणें घातलें व खेळाडूंना कल्पित नांवें चिकटविलीं. नांव काढून घेतलें कीं माणसाची वस्तु होते, आणि वस्तु आपटली तर कळवळा कोणास येणार? आम्हीहि तें पाहून पोटभर हंसलों आहों, हें कबूल करतों. मात्र हंसून झाल्यावर मनांत कांहीं उरलें नाहीं.

'ग्रान प्री'मधील पडणें याहून निराळें आहे. येथें पडतो तो अमुक गांवचा, अमुक घरचा तरुण असतो. त्याच्या पडण्यानें गांवाचा गुण जातो, आणि उद्यां त्याच गांवांतील दुकानांत त्याला तोंड दाखवावयाचें असतें. म्हणून त्याची फजिती झाली तरी अपमान होतां कामा नये. हें भान गार्सियांनीं राखलें. ते खेळाडूच्या पडण्यावर कोटी करीत बसत नाहींत. ते त्याच्या गांवाचें नांव घेतात. 'गरम बटाटा' नांवाच्या खेळांत प्रश्नाचें उत्तर एक आंकडा असतो. खेळाडूनें आंकडा सांगावा, गार्सियांनीं 'अधिक' किंवा 'कमी' एवढेंच म्हणावें, आणि तोंवर फुगा फुगत जावा. सारें नाट्य दोन शब्दांवर तोललेलें! नभोवाणीवरील उमेदवारी येथें फळास आली, असें आम्हांस वाटतें. आपल्या जुन्या नाटकांतील सूत्रधार जसा पात्रांना वाट करून देतो, तसेच हेहि रिंगणांत उभे राहून इतरांना वाट करून देतात.

तथापि या कार्यक्रमांत एक उणीव होती आणि ती झांकणें आम्हांस उचित वाटत नाहीं. जुन्या 'ग्रान प्री'त खेळ चालूं असतां रिंगणांत एक कालवड सोडीत. स्पेनमधील गांवजत्रांत तरुणांनीं कालवडीपुढें धांवण्याची चाल आहे. तिचेंच हें अनुकरण. बैलांच्या झुंजीप्रमाणें येथें वध नसे, ही गोष्ट खरी. पण ओंडक्यावर चढणारा तरुण आपखुषीनें चढतो. पडेन हें जाणून तो येतो, आणि म्हणूनच त्याला हंसण्याचा आपणांस अधिकार पोंचतो. कालवड आपखुषीनें आलेली नसते. ज्या रिंगणांत सर्वजण राजीखुषीनें वेडेपणा करीत आहेत, तेथें तीच एकटी बिचारी भेदरलेली. गार्सियांचा सारा समतोल या ठिकाणीं ढळत असे.

सरकारी वाहिनीवर हा कार्यक्रम २००५ पर्यंत चालला. पुढें कांहीं काळ तो प्रादेशिक वाहिन्यांवर होता. नंतर २०२३ च्या उन्हाळ्यांत तो सरकारी वाहिनीवर परतला, आणि गार्सियाहि परतले. त्याच वर्षीं स्पेनमध्यें प्राण्यांच्या कल्याणाविषयींचा नवा कायदा संमत झाला होता. नव्या 'ग्रान प्री'त खरी कालवड नव्हती. तिचें सोंग घेतलेला मनुष्य होता. कालवड गेली म्हणजे कार्यक्रमाचा जीवच गेला, अशी हळहळ जुन्या प्रेक्षकांपैकीं कांहींनीं व्यक्त केली. ही खरोखर कसोटीची वेळ होती. कार्यक्रमाचा जीव क्रौर्यांत असता तर सोंगाच्या कालवडीनें तो हास्यास्पद होऊन बुडाला असता. तो बुडाला नाहीं. लोकांनीं त्याचें प्रेमानें स्वागत केलें आणि पुढील वर्षींहि तो चालूं राहिला. जीव गांवांतच होता, हें यावरून सिद्ध झालें.

आणि त्या गांवांची स्थिति काय आहे? स्पेनच्या अंतर्भागांतील अनेक गांवें ओस पडत चाललीं आहेत. सेर्हियो देल मोलिनो यांच्या २०१६ सालच्या ग्रंथानंतर 'रिकामा स्पेन' हा शब्दप्रयोग तेथें सर्वतोमुखीं झाला. अशा गांवाचें नांव एका रात्रीपुरतें साऱ्या देशानें ऐकावें, त्याचा नगरप्रमुख, त्याच्या म्हाताऱ्या बाया, त्याचीं पोरें पडद्यावर दिसावींत, ही लहान गोष्ट नव्हे. कार्यक्रम गांवाचा केवळ जत्रेचा दिवस दाखवितो, एरव्हींच्या दिवसांची उदासी दाखवीत नाहीं, हा आक्षेप खरा आहे. परंतु जत्रा गांवाचें दुःख निवारीत नाहीं म्हणून कोणी जत्रा बंद करीत नाहीं.

गार्सिया हे थोर नट नव्हेत व विनोदाचे आचार्यहि नव्हेत. पण पडलेल्या माणसाला त्याचें नांव आणि त्याचें गांव परत देऊन मग हंसावें, एवढें त्यांना उमगलें आहे. आणि आमच्या मतें लोकरंजनाच्या धंद्यांत एवढें उमगणारीं माणसें फार थोडीं आढळतात.