ओवीचं पॉडकास्ट : आवाज नेमका कोणाचा?

गोरेगावात बसून जात्यावरच्या ओव्यांबद्दल बोलायचं म्हणजे जरा गंमतच. इथे दळण कोपऱ्यावरच्या गिरणीत जातं, नाहीतर पीठच पिशवीतून घरी येतं. पण आपल्यापैकी कित्येकांच्या आज्या जातं ओढता ओढता गायल्या आहेत. त्यांच्या ओव्या आज ऐकायच्या तर मोबाइलवरच. म्हणून प्रश्न असा, की विद्यापीठांच्या ग्रंथालयांत आणि संस्थांच्या संग्रहांत असलेलं लोकसाहित्य पॉडकास्ट करून ऐकवलं, तर ते चांगलं झालं की नाही हे कशावरून ठरवायचं?

आपल्याकडचं मोठं उदाहरण घेऊ. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांनी 1990च्या दशकात ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळली. पण आवाजाचा साठा आहे सुमारे 120 तासांचा. म्हणजे बहुतेक ओव्या कागदावर आहेत, गळा फारच थोड्यांना आहे.

इथेच पॉडकास्टवाल्यांची पहिली परीक्षा होते. कागदावरची ओवी नटीकडून गाऊन घेतली, मागे बासरी सोडली, की ऐकायला गोड लागतं. पण ते नवं सादरीकरण झालं, संग्रह नव्हे. तसं ते स्पष्ट सांगितलं तर आमची काही तक्रार नाही. न सांगता केलं तर ती फसवणूक आहे.

दुसरी परीक्षा कात्रीची. छापील ओवी दोन ओळींत संपते. साने गुरुजींच्या 'स्त्री जीवन'मध्ये ओव्या विषयवार लावलेल्या आहेत, आपण त्या भराभर वाचत जातो. जात्यावर मात्र ओळ परत परत येते, मध्येच 'बाई' येतं, श्वास येतो, दगडाची घरघर येते. संपादकाला ही पुनरुक्ती वाटते आणि तो कापतो. आता बघा, जात्याला पुष्कळदा दोघी बसतात. एक ओळ टाकते, दुसरी उचलते. पुनरुक्ती कापली की ती दुसरी बाईच पुसली जाते! वेळ वाचला, पण सोबत गेली.

तिसरी परीक्षा नावाची. 2017पासून हा संग्रह 'परी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, क्रमाक्रमाने प्रकाशित करत आहे. तिथे ओवीसोबत गाणारीचं नाव, गाव, तालुका, व्यवसाय, ध्वनिमुद्रणाची तारीख असं सगळं मिळतं. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगुबाई अंबोरे तिथे 'एक ग्रामीण स्त्री' म्हणून भेटत नाहीत, गंगुबाई म्हणूनच भेटतात. उलट आम्ही ऐकलेल्या काही भागांत निवेदकाचं नाव तीनदा येतं, गाणारीचं एकदाही नाही. दहा मिनिटं भावनांचं स्पष्टीकरण, मग अर्धा मिनिट ओवी, तीही बोलण्याखाली दबलेली. याला लोकसाहित्य ऐकवणं म्हणायचं का? आमच्या मते नाही.

कोणी म्हणेल, मग संग्रह कपाटातच राहू द्या, निदान शुद्ध तरी राहील. हेही आम्हाला पटत नाही. प्रबंधाच्या परिशिष्टातली ओवी गाणारीच्या नातीपर्यंत कधी जाणार? मोबाइल तिच्या हातात आहे. पॉडकास्टचं खरं बळ तेच: जिला वाचता येत नव्हतं तिचा आवाज, वाचनाची अट न घालता घरी परत जाऊ शकतो. पण परत जायला हवा. त्या बायका समोर बसलेल्या माणसाच्या टेपसाठी गायल्या होत्या, सगळ्या जगासाठी नव्हे. म्हणून भाग प्रसिद्ध होण्याआधी तिला, ती नसेल तर घरच्यांना, तो ऐकवावा. त्या नको म्हणाल्या तर थांबावं.

हे काही फक्त मराठवाड्यापुरतं नाही. या सभागृहापासून जवळच आरेत वारली पाडे आहेत. वारल्यांच्या लग्नात धवलेरी गाते, ते गाणं म्हणजे विधीचाच भाग. उद्या कोणी माइक घेऊन तिथे गेलं, तर गाणं मिळालं का, हे आम्ही आधी विचारणार नाही. आम्ही विचारू, धवलेरीने ते पुन्हा ऐकलं का, आणि ऐकून ती काय म्हणाली?