माती फ्लोराईड धरते, पण सोडते कधी?

मातीतल्या फ्लोराईडवर काम करायचं ठरवलंत की बॉवर आणि हॅचर यांचा 1967 चा शोधनिबंध वाचावाच लागतो. छोटासा, पण मोलाचा. अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साईड फ्लोराईड धरून ठेवतं आणि धरताना हायड्रॉक्सिल आयन बाहेर पडतात, हे त्यात दिसतं. दोन्ही आयन आकाराने जवळपास सारखे, म्हणून ही अदलाबदल जमते.

माझा आक्षेप त्याच्या आजच्या वापरावर आहे. निबंधाचा भर धरण्यावर आहे. त्याच्या आधारावर आपण 'कमाल अधिशोषण क्षमता' असा एक आकडा काढतो आणि थांबतो. पण हायड्रॉक्सिल जाऊन फ्लोराईड आला असेल, तर हायड्रॉक्सिल वाढल्यावर तो परतही जाऊ शकतो ना?

थळच्या परिसराचा विचार करा. डोंगरउतारावरची तांबडी वरकस माती किंचित आम्ल असते, तिच्यात लोह-अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साईडं भरपूर. ती फ्लोराईड चांगला धरते. खाली खारजमिनीत उधाणाचं पाणी शिरतं. समुद्राच्या पाण्यात फ्लोराईड लिटरला साधारण 1.3 मिलिग्रॅम असतो. पावसाने मीठ धुतलं जातं, पण चिकणमातीला सोडियम चिकटून राहिला तर सामू वाढू शकतो, आणि मग पकड ढिली पडते. दोन्ही मातींना एकच आकडा लावून कसं चालेल?

साधं गणित करू. 10 ग्रॅम माती, 100 मिलिलिटर द्रावण, लिटरला 10 मिलिग्रॅम फ्लोराईड. शेवटी द्रावणात 2 उरले, म्हणजे मातीने 0.8 मिलिग्रॅम धरला. आता द्रावण काढून तेवढंच स्वच्छ पाणी घाला. समजा त्यात लिटरला 0.5 मिलिग्रॅम आला, तर धरलेल्यापैकी सुमारे 6 टक्के सुटला. स्वच्छ पाण्याऐवजी बायकार्बोनेटचं द्रावण घेतलं आणि 3 आला, तर 37 टक्क्यांहून जास्त! क्षमतेचा आकडा मात्र तोच.

हा फरक कागदापुरता नाही. यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांत अनेक ठिकाणी भूजलात फ्लोराईड 1.5 मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त आढळतो. तिथे जांभ्याची गाळणी सुचवायची, तर ऊर्ध्वपातित पाण्यातला आकडा पुरत नाही, कारण अशा पाण्यात बहुधा बायकार्बोनेटही असतं. आणि वापरून झालेला जांभा शेतात टाकला तर काय, याचं उत्तर फक्त सुटण्याच्या प्रयोगातून मिळतं.

अजून एक. थळ म्हटलं की खत कारखाना आठवतो. तिथे अमोनिया आणि युरिया बनतो. खतांसोबत येणारा फ्लोराईड मुख्यतः रॉक फॉस्फेटपासून केलेल्या स्फुरदयुक्त खतांतून येतो. कारखाना दिसला म्हणजे स्रोत सापडला, असं प्रस्तावात लिहू नका.

तुमच्या आराखड्यात दोन ओळी वाढवा: धरल्यानंतर स्वच्छ पाण्यात किती सुटतो, आणि त्या गावच्या प्रत्यक्ष पाण्यात किती. हे दोन आकडे नसलेला निबंध हाती आला, तर त्यातल्या 'क्षमते'वर कुणाच्या पिण्याच्या पाण्याचा निर्णय घेऊ नका.