पुराण स्वीकारणारा पाद्री, पुराण नाकारणारी पंडिता

ख्रिस्ती मिशनऱ्यांनी मराठी भाषेची किती सेवा केली, ह्याचा हिशेब आपल्या वाङ्मयेतिहासकारांनी पुष्कळदा मांडलेला आहे. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनचे धर्मोपदेशक मुंबईस आले, १८४२ मध्ये अहमदनगरहून 'ज्ञानोदय' निघू लागला, छापखाने आले, व्याकरणे झाली. ही जमाखर्चाची वही खोटी नाही. परंतु एक प्रश्न तिच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. परका धर्म गावातल्या माणसापर्यंत न्यावयाचा, तो कोणाच्या शब्दांनी? भाषांतराचा धंदा करणाऱ्यास हा प्रश्न टाळता येत नाही. इंग्रजीतील 'स्वर्गा'पाशी लेखणी थबकली नाही असे एकही पुस्तक माझ्या हातून झालेले नाही.

ह्या प्रश्नाची दोन टोकाची उत्तरे मराठीत आहेत. पहिले फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला, सासष्टीत राहिला आणि १६१९ मध्ये तेथल्याच भूमीत विसावला. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ह्या ग्रंथात ख्रिस्ताचा पिता वैकुंठीचा राजा आहे, आणि आरंभीच्या नमनाचा घाट ज्ञानेश्वरी कानांत असलेल्या वाचकास तत्काळ ओळखू येतो. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ह्याच स्टीफन्सने प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाचे पुस्तक मात्र कोकणीत लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये, छापले गेले. घरी बोलण्याची भाषा शिकवणुकीसाठी आणि पुराणांची भाषा पुराणासाठी, हा विवेक त्याच्यापाशी होता. शुद्ध मराठी तेथील सर्वांस कळणार नाही, म्हणून तिच्यात कोकणीचे शब्द मिसळण्याइतका तो व्यवहारीही होता.

स्टीफन्सच्या ह्या रसिकतेचे कौतुक करताना आपले टीकाकार एक पाऊल आधीच थांबतात. हे पुराण कोणासाठी रचले गेले? ग्रंथारंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीस विनवितो की, आमची पूर्वीची पुराणे गेली, त्यांच्या जागी दुसरे काही द्यावे. ती पुराणे आपोआप गेली नव्हती. सासष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडण्यात आली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीस पाच जेझुइट मारले गेले आणि त्याचा सूड गावकऱ्यांवर उगविला गेला. रिकाम्या केलेल्या घरात स्टीफन्सने दिवा लावला. दिवा सुंदर आहे, ह्यात शंका नाही. येशूच्या मरणापाशी मातेचा शोक मराठी ओवीने जेथे वाहून नेला आहे, तेथे वाचकाने आपला धर्म बाजूस ठेवावा व ऐकावे. परंतु घर रिकामे कोणी केले, हा प्रश्न त्या उजेडातच अधिक स्पष्ट दिसतो. तेव्हा 'वैकुंठ' हा शब्द म्हणजे स्टीफन्सची उदारता, की श्रोत्यांनी आपले हरवलेले सामान मागून घेतले, हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही. मला दुसरा पक्ष अधिक खरा वाटतो.

तीनशे वर्षांनंतरचे दुसरे उत्तर पंडिता रमाबाईंचे. येथे पारडे नेमके उलटते. ज्याला पुराणे परकी होती त्याने पुराणांचे शब्द घेतले. जिला ती मुखोद्गत होती तिने ते टाकले. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही कन्या पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडणाऱ्या कुटुंबात वाढली, त्याच भटकंतीत १८७४ च्या सुमारास दुष्काळाने आईवडिलांस मुकली, आणि १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिला 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. १८८३ मध्ये इंग्लंडात तिने बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात हिब्रू व ग्रीक शिकून तिने एकटीने बायबलाचे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये तिच्या निधनापूर्वी ते संपले, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानाचा वास आहे ते शक्य तितके वर्ज्य करावयाचे, आणि अल्पशिक्षित खेडवळ स्त्रीस समजेल असे लिहावयाचे, हा तिचा नेम होता.

हे भाषांतर चर्चमध्ये रूढ झाले नाही. बायबल सोसायटीचेच चालू राहिले. त्यामुळे रमाबाईंचा प्रयोग फसला असे म्हणण्याची प्रथा पडली. त्यांची मराठी रुक्ष आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. संस्कृतात सहज काव्य करणारीची ही मराठी वाचताना, गायकाने हट्टाने गाणे सोडून नुसते बोलावे तसे वाटते. पण हा हट्ट अज्ञानाचा नव्हे. शब्द घेतला म्हणजे त्याच्यामागून त्याचे सारे गणगोत येते, हे तिच्याइतके कोणत्या परदेशी पाद्रीस ठाऊक असणार? आणि तिची श्रोती कोण होती? दुष्काळातून आणलेल्या मुली, टाकलेल्या विधवा. 'मोक्ष' ह्या शब्दाने त्यांना कधी घरात घेतले होते?

रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्या दोहोंच्या मध्ये उभे आहेत, आणि सामान्यतः त्यांनाच विजयी ठरविले जाते. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या ह्या कवीची पदे मराठी मंडळ्या आजही गातात. कारण उघड आहे: टिळकांनी पुराणाकडे न जाता अभंगाकडे धाव घेतली. नगरकडच्या ज्या महार-मांग वस्त्यांत मिशनचे काम चालले, तेथे पुराणिकाची पोथी परकी असेल, चोखोबांचा अभंग परका नव्हता. ही वाट टिळकांना सापडली ती भाषांतर सोडून दिल्यामुळे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगारही सोडला आणि 'देवाचा दरबार' मांडला. मात्र गाण्यास जे साधते ते शास्त्रग्रंथास साधेलच असे नाही. अभंगात 'बापा' म्हणून हाक मारता येते. मोशेच्या नियमशास्त्राचे काय करावयाचे?

तेथे पुन्हा रमाबाईंकडेच यावे लागते. त्यांच्या बायबलाचे खिळे मुक्तिसदनातल्या स्त्रियांनी जुळविले, छपाईही त्यांनीच केली. कालपर्यंत अक्षर न ओळखणारी मुलगी उलटे अक्षर चिमटीत धरून ओळ लावीत आहे, आणि लावलेली ओळ तिला समजते आहे, अशा वाचकासाठी ते भाषांतर झाले होते. त्याचे परीक्षण आपण अद्याप पदवीधरांच्या कानाने करीत आलो आहोत.