‘दुर्बिणीची शस्त्रक्रिया’ : एका संज्ञेची चिकित्सा

शब्द वस्तूचा निर्देश करतो, त्याचबरोबर तिच्याविषयीची एक पूर्वकल्पनाही श्रोत्याच्या मनात निर्माण करतो. गर्भाशयमुखाच्या प्रारंभिक अवस्थेतील कर्करोगाच्या संदर्भात वापरली जाणारी ‘दुर्बिणीची शस्त्रक्रिया’ ही संज्ञा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील ग्रामीण स्त्रीला ‘दुर्बीण’ अपरिचित नाही. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांतून हा शब्द तिच्यापर्यंत पूर्वीच पोहोचला आहे. तेथे ‘टाक्याची’ व ‘दुर्बिणीची’ असा भेद केला जातो, आणि दुसरी म्हणजे हलकी, लवकर घरी सोडणारी, असा तिचा लौकिक आहे. हेच विशेषण कर्करोगावरील शस्त्रक्रियेला लावले की तो लौकिकही तिला आपोआप चिकटतो. वस्तुतः येथे गर्भाशयासह लगतच्या ऊती, योनीचा वरचा भाग व कटिपोकळीतील लसिकाग्रंथी काढावयाच्या असतात. पोट उघडले काय किंवा दुर्बीण घातली काय, आतील कार्य तेवढेच राहते. संज्ञा मोजते ती केवळ त्वचेवरील छेदाची लांबी.

हा दोष केवळ शाब्दिक असता, तर त्याची एवढी चिंता नव्हती. परंतु 2018 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत 631 स्त्रियांची चिठ्ठीपद्धतीने विभागणी करण्यात आली होती. साडेचार वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत 96.5 टक्के, तर लहान छेदाच्या शस्त्रक्रियेत 86 टक्के आढळले. तीन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे 99 व 93.8 टक्के होते. या अंतराचे कारण निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. गर्भाशय हलविण्यासाठी घातले जाणारे उपकरण आणि पोटात भरला जाणारा वायू यांकडे संशयाने पाहिले जाते.

यावर असा आक्षेप संभवतो की, मजुरीवर जगणाऱ्या स्त्रीला रुग्णालयातील थोडे दिवस व लहान जखम यांचे मोल मोठे आहे. आक्षेप रास्त आहे. पण त्याच चाचणीतील स्त्रियांच्या शस्त्रक्रियोत्तर जीवनमानात दोन्ही गटांत लक्षणीय भेद दिसला नाही. शिवाय नागपूरपासून दूर राहणाऱ्या स्त्रीला रोग उलटला असता पुन्हा उपचारापर्यंत पोहोचणेच दुर्घट असते. वाचलेले चार दिवस त्या हानीची भरपाई करू शकत नाहीत.

भामरागड-एटापल्लीकडील माडिया भाषिक स्त्रीपर्यंत हे सर्व दुभाष्याच्या मुखातून जाते. लांब स्पष्टीकरण भाषांतरात गळून पडते. एक विशेषण तेवढे टिकण्याचा संभव असतो. म्हणून संमती घेताना ‘दुर्बिणीची’ असे न म्हणता ‘लहान छेदाची’ व ‘मोठ्या छेदाची’ असे म्हणावे. आतून काढावयाचे तेवढेच आहे, हे सांगावे. आणि शंभरांपैकी किती जणींचा रोग उलटला, ही संख्या दोहोंपुढे ठेवावी. संज्ञा सुटसुटीत असावी हे खरे. परंतु तिच्या सुटसुटीतपणाचे मूल्य रुग्णेला द्यावे लागू नये.