जिंकते पकड, मिरवते चढाई

१ मार्च २०२४ला हैदराबादेत पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं नमवून प्रो कबड्डीचं आपलं पहिलं विजेतेपद घेतलं. साखळीतल्या २२ सामन्यांत हा संघ फक्त दोनदा हरला होता. पलटण जिंकली ती पकडीच्या जोरावर, आणि गोडवे मात्र गायले गेले चढाईचे.

चढाईचं हे वेड समजण्यासारखं आहे. २०१४च्या पहिल्या हंगामात अनुप कुमारची चढाई म्हणजे हिशेब होता: निदान रेषा ओलांडायची, बोनस टिपायचा, परतायचं. मग प्रदीप नरवालची डुबकी आली. बचावपटूंच्या साखळीच्या हाताखालून निसटणाऱ्या या पोराने २०१७च्या हंगामात चढाईचे ३६९ गुण कमावले आणि पाटण्याला सलग तिसरं जेतेपद मिळवून दिलं. पुढच्या हंगामाच्या अंतिम सामन्यात बंगळूरच्या ३८ गुणांपैकी २२ एकट्या पवन सेहरावतचे. तेव्हापासून लिलावात पैसा मुख्यतः चढाईपटूंवर ओतला जाऊ लागला.

तेलुगू टायटन्सविषयी एक ओळ पुरे: दहाव्या हंगामासाठी त्यांनी पवनवर २ कोटी ६० लाखांहून जास्त मोजले आणि गुणतक्त्यात तळ गाठला.

पलटण जिंकली त्या याच हंगामात तिचा बचाव बघण्यासारखा होता. चढाईपटू डाव्या कोपऱ्याकडे झुकला की कोपरारक्षक अर्धं पाऊल मागे सरतो, जणू पाय देऊच करतो. चढाईपटूचा भार पुढच्या पायावर जातो, तेवढ्यात घोट्यावर झेप पडते. खरी करामत त्याआधीची असते. मधल्या खेळाडूने मध्यरेषेकडची वाट अगोदरच बंद केलेली असते; कोणी ओरडत नाही, खुणावत नाही, तरी साखळी एकदम मिटते. इराणचा मोहम्मदरेझा शादलूई या बचावाचा कणा होता. पकडींचे ९९ गुण त्याच्या नावावर लागले. पुढच्या हंगामात तो हरियाणाकडे गेला आणि हरियाणा विजेता झाला. दोन संघ, लागोपाठ दोन करंडक. याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

इराणी कबड्डी म्हणजे नुसती ताकद, असं म्हणणाऱ्यांनी २०१८ची जकार्ता एशियाड आठवावी. उपांत्य फेरीत इराणने भारताला २७-१८ असं रोखलं, ते एकत्र हलणाऱ्या बचावाने. आपण तेव्हाही चढाईपटूंच्याच याद्या करत बसलो होतो.

तिसऱ्या चढाईच्या नियमानेही खेळाचं नुकसान केलं आहे. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवायचाच, नाहीतर बाद. हेतू चांगला, कंटाळवाणा खेळ थांबवायचा. पण आघाडीवरचा संघ आता पहिल्या दोन चढायांत जेमतेम निदान रेषा ओलांडून तीस सेकंद काढतो. नियमाने रटाळपणा घालवला नाही, त्याला वेळापत्रक दिलं.

बुऱ्हाणपूर, निंबोल्याकडच्या मराठी प्रेक्षकाला लीगमध्ये मध्य प्रदेशचा संघ नाही. त्यामुळे तो कोणाचा झेंडा न धरता बघतो आणि टीव्ही दाखवेल तेच बघतो. टीव्ही दाखवतो चढाईपटूचा चेहरा. पकड दिसते ती शेवटच्या क्षणाची, अंगावर अंग पडल्याची. त्याआधी सातजण कसे सरकले हे चौकटीबाहेरच राहतं. मग गावातला पोरगा डुबकी शिकतो, घोटा धरायला शिकत नाही. अस्लम इनामदारसारखा चढाईपटूही पलटणच्या बचावात राबतो, हे त्याला कोण सांगणार?

प्रक्षेपण करणाऱ्यांनी आता एवढं करावं: प्रत्येक पकडीनंतर पूर्ण अर्धं मैदान दिसेल असं एक पुनर्प्रक्षेपण दाखवावं. आणि स्थानिक स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी उत्कृष्ट पकडीचं बक्षीस उत्कृष्ट चढाईपेक्षा एका रुपयानेही कमी ठेवू नये.