विन्सर अहवाल आणि पोलिसांचा वाटाघाटीचा हक्क : एक चिकित्सा

इंग्लंड व वेल्समधील पोलिसांचे वेतन आणि सेवाशर्ती यांविषयी टॉम विन्सर यांनी मार्च २०११ व मार्च २०१२ मध्ये दोन भागांत सादर केलेला अहवाल सार्वजनिक सेवेतील वेतननिश्चितीच्या अभ्यासकांना दुर्लक्षिता येणार नाही. कामाचे स्वरूप व कौशल्य यांच्याशी वेतनाची सांगड घालण्याचा त्यातील प्रयत्न निश्चितच अभ्यासपूर्ण आहे. तथापि ‘पोलीस निगोशिएटिंग बोर्ड’ बरखास्त करून त्याजागी वेतन पुनर्विलोकन मंडळ नेमावे, ही त्यातील शिफारस इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

१९१८ व १९१९ मधील पोलीस संपांनंतर १९१९ च्या कायद्याने पोलिसांना कामगार संघटनेत सामील होण्यास मनाई केली. त्याबदल्यात ‘पोलीस फेडरेशन’ ही वैधानिक संघटना मिळाली आणि डेस्बरो समितीच्या शिफारशींनुसार वेतनात भरीव वाढ झाली. एडमंड-डेव्हिस समितीच्या अहवालानंतर (१९७८) अस्तित्वात आलेले निगोशिएटिंग बोर्ड ही याच तत्त्वाची परिणती होय : संपाचा हक्क नाही, म्हणून वाटाघाटीचा व लवादाचा मार्ग.

विन्सर यांच्या मते ही पद्धत संथ आणि संघर्षाला पोषक होती. २००७ चा वाद मात्र वेगळेच सांगतो. लवादाने सुचविलेली २.५ टक्के वाढ १ सप्टेंबरऐवजी १ डिसेंबरपासून देण्याचा निर्णय गृहमंत्री जॅकी स्मिथ यांनी घेतला. त्यामुळे वर्षाचा हिशेब करता ती १.९ टक्केच ठरली. स्कॉटलंडने तीच वाढ पूर्वलक्षी प्रभावाने दिली. जानेवारी २००८ मध्ये हजारो पोलिसांनी लंडनमध्ये मोर्चा काढला. म्हणजेच दोष वाटाघाटीच्या पद्धतीत नव्हता. लवादाचा निवाडा डावलण्याची जी मुभा सरकारला होती, तिच्यात होता. २०१४ मध्ये आलेल्या नव्या मंडळाच्या शिफारशीही सरकारवर बंधनकारक नाहीत. मुभा राहिली, वाटाघाट मात्र गेली. २०२१ च्या वेतनगोठवणीनंतर फेडरेशनने या मंडळाच्या प्रक्रियेतून माघार घेतली, यात नवल नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे ऑगस्ट १९८२ चे स्मरण होणे स्वाभाविक आहे. पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली गेली आणि मुंबईत पोलिसांच्या असंतोषाचा उद्रेक होऊन लष्कराला पाचारण करावे लागले. दोन्ही प्रसंगांची व्याप्ती भिन्न असली तरी बोध एकच आहे. शिस्तीसाठी संप नाकारणे समर्थनीय ठरू शकते; परंतु ज्याच्याकडून संपाचा हक्क घेतला, त्याचे म्हणणे ऐकण्याची आणि दिलेला निवाडा पाळण्याची जबाबदारी राज्यसंस्थेवर अधिकच येते. विन्सर अहवालात वेतनाचे गणित आहे. या जबाबदारीचा विचार मात्र अपुराच राहिला आहे.