रस्ता मोजणारे आणि रस्ता तुडवणारे

शहर पायी चालण्याजोगे आहे की नाही, हे आता आकड्यांत सांगितले जाते. केंद्रीय नगरविकास मंत्रालयासाठी २००८ साली तीस शहरांची जी पाहणी झाली, तिच्यात चंदीगडला ०.९१, पुण्याला ०.८१ असे गुण मिळाले, सरासरी ०.५२ निघाली. रीत सोपी आहे. मुख्य रस्त्यांच्या लांबीशी पदपथांच्या लांबीचे प्रमाण काढायचे आणि त्यात पादचाऱ्यांच्या मतांचे गुण मिळवायचे. मोजणीला माझा विरोध नाही. जे मोजले जात नाही ते सरकारदरबारी नसतेच, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? प्रश्न निकषांचा आहे. साहित्याचे निकष सर्वांचेच असतात असे आपल्याला सांगितले गेले, तेव्हा ते कोणाच्या अनुभवातून आले असे आपण विचारले होते. फूटपाथलाही तेच विचारले पाहिजे.

लोणावळा त्या तीस शहरांत नव्हते. म्हणून मे महिन्यातल्या एका रविवारी सहा विद्यार्थी घेऊन मी स्टेशनपासून बाजारातून जुन्या मुंबई-पुणे रस्त्यापर्यंत चाललो. हातात टेप आणि वही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या नियमावलीतली १.८ मीटर मोकळी वाट आम्ही शोधत होतो. रुंदी, उंची, रस्ता ओलांडण्याची सोय, अडथळे असे रकाने आखले होते. अशा पाहण्यांत ते सगळीकडे असतात. चिक्कीच्या दुकानांपुढे उभ्या मोटारींची नोंद झाली, दुकानाबाहेर मांडलेल्या मालाची झाली. मग एका मुलाने लिहिले : 'अडथळा – टोपली घेऊन बसलेली बाई.'

मी त्याला रागावलो नाही. रकाना होता, त्याने भरला. मी बाईशेजारी उकिडवा बसलो. तिने पानावर करवंदांचे वाटे लावले होते. डोंगराकडच्या वाडीतून ती अंधारातच निघाली होती, टोपली डोक्यावर घेऊन. त्या बाजारात त्या दिवशी सर्वांत जास्त चाललेले माणूस बहुधा तीच असेल. आणि आमच्या वहीत ती चालण्यातला अडथळा! "दादा, मोजून झालं की आम्हाला उठवणार का?" तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही. मी दोन वाटे घेतले, एवढेच.

माझी आई वीस वर्षे बंगल्यांवर धुणीभांडी करायला पायी गेली. तिची वाट मुख्य रस्त्यांत मोडत नव्हती. म्हणजे त्या सूत्रात ती अंशातही नाही आणि छेदातही नाही. मावळातला सर्वांत गुळगुळीत रस्ता म्हणजे २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग, आणि तेथे पायी चालायलाच बंदी!

डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये पेशवाईतल्या रस्त्याबद्दल लिहिले आहे. समोरून सवर्ण येत असेल तर अस्पृश्याने तो रस्ता वापरायचा नाही. पुण्यात कमरेला झाडू आणि थुंकीसाठी गळ्यात मडके. त्या पुण्याचा निर्देशांक काय काढणार? मोटार नाही, धूर नाही, आणि नको ती माणसे आधीच हटवलेली. घटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या जोडीला रस्ते का आले, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. निर्देशांकातल्या पादचाऱ्याला मात्र जात नाही, बाईपण नाही, डोक्यावर ओझे नाही.

कोणी म्हणेल, फूटपाथ चांगला झाला तर त्या बाईचीही सोय होईल. होईल, तिला उठवले नाही तर. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर समितीत किमान चाळीस टक्के जागा विक्रेत्यांना दिल्या, त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रियांना. म्हणजे कायद्याने तिला बोलायला जागा दिली आणि आमच्या वहीने तिला अडथळ्यांत टाकले.

पुढच्या रविवारी वही नव्याने आखली. 'अडथळे' या रकान्यात मोटारी आणि दुकानांच्या फळ्या राहिल्या. नवे रकाने असे : कोठून निघालात, किती वाजता, डोक्यावर ओझे किती, वाटेत टेकायला जागा आहे का, पाणी कोठे, बायकांची मुतारी कोठे. पहिली नोंद त्याच मुलाने केली, बाजार झाडणाऱ्या एका बाईची. तळेगाव-वडगावच्या मित्रांनी आपापल्या बाजारांत हे रकाने वापरून पाहावेत आणि कोठे कमी पडतात ते कळवावे.